बुकात मेलेली सारस

सारसाची जोडी हाक देते तेव्हा नर एकदा ओरडतो आणि मादी त्यावर दोनदा. हे धुरपताला कोणी शिकवलं नव्हतं. आंधळगावपासून दोन कोसांवरच्या गावात, मोठ्या तलावाच्या पाळीखाली, तिच्या सासरची धानाची बांधी होती. आषाढात गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोपं लावताना, रोवणा करताना, डोळे खाली असतात आणि कान मोकळे असतात. त्या मोकळ्या कानांनी जे घेतलं ते तिनं जन्मभर सांभाळलं.

बांधीच्या खालच्या कोपऱ्यात सारस दरसाल घरटं घालत. घरटं म्हणजे उपटलेलं धान आणि तलावातलं गवत यांचा ढीग, बैलगाडीच्या चाकाएवढा रुंद. दुसरे शेतकरी असा ढीग दिसला की काठी घेऊन धावत, कारण पाखरं भोवतालचं धान तुडवतात. धुरपताच्या सासऱ्यानं मात्र केव्हातरी ठरवून टाकलं होतं की तेवढा कोपरा रोवायचाच नाही. त्यात पुण्यबिण्याचा विचार नव्हता. "त्यायनं दरसाल तुडवावं अन् आपन दरसाल बोंबलावं, त्यापेक्षा देऊन टाका," एवढंच तो म्हणाला होता. पुढे सासरा गेला, पण कोपरा सुटलेलाच राहिला आणि गाव त्या बांधीला सारसबांधी म्हणू लागलं.

मादीला धुरपता पायावरून ओळखायची. तिच्या डाव्या पायाचं मधलं बोट बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. सकाळी बांधीच्या ओल्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, तीन बोटांचा ठसा उमटलेला असे, आणि त्यातलं एक बोट वाट चुकल्यासारखं. ठसा दिसला की धुरपता पाय जपून टाकी.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात तिचा नवरा टेकचंद काविळीनं गेला. ती तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होती आणि पोटी मूल नव्हतं. ज्या दिवशी त्याला नेलं त्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं होतं. धुरपताला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवशी शेजारच्या अंगणात धान वाळत होतं आणि उन्हाला आपलं काम होतं. ती भासरा भय्याजी, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि जाऊ पार्वताबाई यांच्या घरात राहिली, शेतात राबली, उरलेल्या वेळात बिड्या वळू लागली.

पुढच्या वर्षी कार्तिकात सारसाचा नर मेला. त्या साली गावात वीज आली होती. तलावाच्या कडेनं नवे खांब, नव्या तारा. पाखराच्या हजार पिढ्यांनी जी वाट मोकळी पाहिली होती त्या वाटेवर तार होती, आणि नर तिला धडकला. मादी धान कापून झालेल्या बांधीत उभी राहू लागली.

त्याच दिवसांत केशवराव गुरुजी पाळीवर फिरायला यायचे. ते गावच्या शाळेत नागपूरकडून आले होते. अंगात स्वच्छ पांढरा सदरा असायचा आणि खिशात वही. ते कादंबऱ्या लिहितात हे गावाला ठाऊक होतं, पण त्यांची एकही कादंबरी गावात कोणी पाहिली नव्हती.

"बाई, ही एकटीच का उभी असते?" त्यांनी धुरपताला विचारलं.

"तिचा नर मेला ना, गुरुजी. तारेले लागून."

"खाते का काही?"

"खाते. पन कमी."

"आणि ओरडते?"

"ओरडते ना. दोनदा ओरडते अन् थांबते. पयलं ओरडनारा राहिला नाही, तरी आपलं दोनदाच."

गुरुजींनी ते वहीत लिहून घेतलं. लिहून झाल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्हीसुद्धा एकट्याच."

"मले भारे बांधाचे आहेत, गुरुजी," धुरपता म्हणाली आणि खाली वाकली.

वैशाखात गुरुजींची शहापूरला बदली झाली. उन्हाळाभर सारस दिसली नाही. आषाढात लावणीचे पऱ्हे उपटायला बायका बांधीत उतरल्या तेव्हा खालच्या कोपऱ्याच्या धुऱ्यावर ठसे होते. वळलेल्या बोटाचा ठसा होता आणि त्याच्या शेजारी दुसरा, मोठा आणि अनोळखी. थोड्या वेळानं पलीकडून एक हाक आली आणि तिच्यावर दोन. धुरपता हातात पऱ्ह्यांची जुडी घेऊन सरळ उभी राहिली. बाजूच्या बाईनं विचारलं, काय झालं वं? ती म्हणाली, काही नाही, पाठ दुखून राहिली.

गुरुजींची कादंबरी एकोणऐंशी साली गावात आली. नाव होतं 'सारसविरह'. त्यांनी गावासाठी एक प्रत पाठवली होती आणि पहिल्या पानावर लिहिलं होतं की या मातीचे ऋण फिटणार नाही. भय्याजी तेव्हा ग्रामपंचायतीत होता. त्यानं पुस्तकाला लाल फडकं गुंडाळलं, आठ दिवस देवळीत ठेवलं आणि मग वाचायला म्हणून बिडीच्या छपरीत दिलं.

त्या छपरीचा एक नेम होता. बायका मांडीवर सूप घेऊन, त्यात तंबाखू आणि तेंदूचे कापलेले पत्ते ठेवून दुपारभर बिड्या वळत. बालवाडीच्या शकुंतलाबाई वाचून दाखवत. वाचणाऱ्या बाईचे हात रिकामे राहतात, म्हणून तिच्या वाटच्या बिड्या बाकीच्या बायका वळून देत. जिचं वाचणं कंटाळवाणं तिच्या सुपातले पत्ते तसेच पडून राहत. कोणी कोणाला काही म्हणत नसे. सूप पाहिलं की समजायचं.

'सारसविरह' पंधरा दिवस चालली. गुरुजींच्या पुस्तकात यमुना नावाची विधवा होती. यमुना रडली की आभाळ भरून येई. यमुना हसली की तलावातली कमळं उमलत. तिच्या छातीत कळ आली की रानात झाडाची फांदी मोडे.

"बाप्पा!" बेबीबाई म्हणाली. "या बाईले गावाबाहेर काढा वं. हिचं रडनं आलं का आपल्या बिड्या सादळतेत."

पुढच्या पानावर यमुना रोवण्याला निघाली, आणि पाळीवरचा पळस लाल पेटला होता.

"रोवन्याले पळस?" शकुनबाईनं हातातली बिडी खाली ठेवली. "मंग होळीले काय फुलवतेत गुरुजी? धान?"

"अवं, कादंबरी आहे थे," शकुंतलाबाई म्हणाल्या. "तिच्या मनात फुलला असंल."

"मनात फुलला त मनात लिवावं ना. पाळीवर काहून लिवला?"

सगळ्यांत जास्त धुरपता हसली. तलाव आपल्याकडे पाहतो असं तिला कधी वाटलं नव्हतं. तलावाला भरायचं असतं, आटायचं असतं, पाट सोडला की खाली जायचं असतं. माणसाच्या मनात काय चाललं आहे हे पाहायला त्याला फुरसत कुठे? गुरुजी इतके दिवस पाळीवर फिरले, आणि त्यांना तलावात आपलंच तोंड दिसत राहिलं, असं तिच्या मनात आलं. पण पुस्तकाचा आवाज तिला आवडला होता. काही ओळी तर तिनं शकुंतलाबाईंना दोनदा वाचायला लावल्या. तलावावर संध्याकाळ उतरते तो भाग गुरुजींनी असा लिहिला होता की छपरीत गारवा आल्यासारखं झालं.

मग शेवट आला. नर मेल्यावर पुस्तकातल्या सारसनं अन्नपाणी सोडलं. रोज दोनदा ओरडून ती थांबे. एकविसाव्या दिवशी तिनं पाण्यात चोच बुडवली आणि तशीच मेली. यमुनेनं तिला बांधीत पुरलं आणि तिच्यावर हात ठेवून शपथ घेतली की या जन्मी दुसऱ्याचं कुंकू लावणार नाही.

बिड्या थांबल्या होत्या. बेबीबाईसुद्धा पदरानं डोळे पुसत होती. मग एकेकीनं मान वळवून धुरपताकडे पाहिलं. अशा नजरेनं तिच्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"मेली नाही थे," धुरपता हळूच म्हणाली.

त्यांना वाटलं, दुःखानं बोलते आहे. पार्वताबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर गावात तिचं नाव सारसबाई पडलं. नागपूरहून दोघंतिघं शिकलेली माणसं आली, तिला बांधीच्या धुऱ्यावर उभं करून त्यांनी फोटो काढला. भय्याजी पाहुण्यांना चहा पाजून सांगू लागला, "यमुना म्हनजे आमच्याच घरची. बुकात नाव बदललं." हे सांगताना त्याची मान वर जाई. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याच्या घराला पहिल्यांदाच कोणी दुरून पाहायला येत होतं, एवढंच.

एक्क्याऐंशीच्या आषाढात धनीराम आला. तो बपेऱ्याचा. गावातल्या चंद्रकलेचा भाऊ. त्याची बायको तीन वर्षांमागे गेली होती. रोवण्याच्या दिवसांत तो आपल्या हल्यांची म्हणजे रेड्यांची जोडी घेऊन बहिणीकडे येई आणि ज्याला गरज असेल त्याची बांधी चिखलून देई. त्या साली भय्याजीचा बैल लंगडत होता, म्हणून सारसबांधी चिखलायला धनीराम उतरला. धुरपता धुऱ्यावर पऱ्हे घेऊन बसली होती. खालच्या कोपऱ्याबद्दल त्याला सांगायचं राहून गेलं होतं. ती उठणार तोच धनीरामनं हल्यांना हाक देऊन थांबवलं, सारसांच्या घरट्याचा ढीग पाहिला, आणि चिखलणीची ओळ दहा हात अलीकडून वळवून घेतली. कोणी पाहिलं का हेही त्यानं मागे वळून बघितलं नाही. धुरपता खाली बसली.

दिवाळीनंतर चंद्रकला भावासाठी धुरपताच्या पाटाचं बोलायला आली. त्या लोकांत विधवेचा पाट लावणं नवं नव्हतं, भय्याजीच्या सख्ख्या आत्याचा लागला होता. धुरपता गेली असती तर तिच्या वाटची बांधी भय्याजीलाच राहिली असती. तरी तो नाही म्हणाला.

भासऱ्यासमोर धुरपता बोलत नसे. ती दाराआड उभी राही, आणि मधे पार्वताबाई बसे.

"तिले विचार," भय्याजी बायकोला म्हणाला, "बुकात काय लिवलं थे ठाऊक आहे ना?"

"बाई, त्यायले म्हना, बुकात यमुना आहे. मी धुरपता आहे."

"तिले म्हन, दुनिया तिले यमुना म्हनते. पाखरू जीव देते, अन् मानसानं पाट लावावा?"

"पाखरानं जीव नाही देला. त्यायले म्हना, थे जित्ती आहे."

"कोन म्हनते?"

"मी म्हनते."

"तू म्हनते," भय्याजी थेट दाराकडे पाहून म्हणाला, आणि पार्वताबाई मधेच राहिली. "अन् बुक काय खोटं बोलते? छापलं आहे थे!"

दुसऱ्या दिवशी धुरपता शकुंतलाबाईंना बरोबर घेऊन मोटारीनं शहापूरला गेली. केशवराव गुरुजी घरीच सापडले. तिनं येण्याचं कारण सांगितलं नाही. "बांधीवर या एक डाव," एवढंच म्हणाली. गुरुजी पुढच्या रविवारी आले.

सारसांचं त्या सालचं पिल्लू मोठं झालं होतं. तिघंही धान कापलेल्या बांधीत चरत होती. ती जरा पुढे सरकल्यावर धुरपतानं गुरुजींना ओल्या मातीजवळ नेलं आणि वळलेल्या बोटाचा ठसा दाखवला.

"हीच का ती?"

"हेच. तुमी बदलून गेले त्याच सालच्या आषाढात आली, दुसरा नर घेऊन. तवापासून तिचे तीन पिल्लं उडाले."

पलीकडून एक हाक आली, तिच्यावर दोन.

"गुरुजी, माह्या भासऱ्याले एवढं सांगा. तुमच्या तोंडून सांगा, का सारस मेली नाही. त्यायले तुमचं पटन."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "धुरपताबाई, मी हे तेव्हा पाहिलं असतं तरी कदाचित लिहिलं नसतं. लोक मला त्या शेवटावरून ओळखतात."

"मले बी त्याच्यावरूनच ओळखतेत," धुरपता म्हणाली.

गुरुजींनी चष्मा पुन्हा लावला. भय्याजीच्या घरी त्यांनी चहा घेतला, पिकाची चौकशी केली आणि चारच्या मोटारीनं ते निघून गेले. लेखकानं कोणाच्या घरच्या गोष्टीत पडू नये, असं ते जाताना शकुंतलाबाईंना म्हणाले. शकुंतलाबाईंनी तेवढ्यात रोवण्याच्या पळसावर छपरी कशी हसली ते त्यांना सांगून टाकलं.

पौषात छपरी पुन्हा भरली. बायकांनी पुन्हा 'सारसविरह'च काढायला लावली. पुन्हा यमुना रडली, पुन्हा आभाळ आलं, बेबीबाईनं पुन्हा बिड्या झाकल्या आणि सगळ्या हसल्या. शेवटच्या दिवशी सारस मेली, यमुनेनं शपथ घेतली आणि शकुंतलाबाईंनी पुस्तक मिटलं.

"झालं वाचून?" धुरपतानं विचारलं.

"झालं ना."

"मंग समोरचं मी सांगते."

तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. हात मोकळे झाले. तिनं गुरुजींसारखं सांगितलं नाही. तिच्या सांगण्यात आभाळ आलं नाही, पळस आला नाही. सारस किती दिवस उभी राहिली, काय खात होती, उन्हाळ्यात कशी दिसेनाशी झाली, हे तिनं ओळीनं सांगितलं. धुऱ्यावरचे दोन ठसे सांगितले. पहिल्या साली दोन अंडी घातली, एक वाया गेलं, एक फुटलं. पिल्लू पिवळट होतं आणि आईच्या मागं मागं पाण्यात घसरत जाई. नवा नर आधी माणसाला फार भिई, मग त्यालाही कोपऱ्याची सवय झाली. "अन् हाक आपली तशीच," ती म्हणाली. "त्याची एक, हिची दोन. पयल्याले विसरली का नाही थे मले नाही ठाऊक. पाखराच्या मनातलं मी काय सांगू? जे पाह्यलं थे सांगितलं."

ती थांबली. धुरपताच्या सुपात पत्ते तसेच पडले होते.

बेबीबाईनं हात लांब केला, त्यातले मूठभर पत्ते उचलले आणि आपल्या सुपात टाकले. मग शकुनबाईनं घेतले. मग चंद्रकलेनं, आणि मग शकुंतलाबाईंनी स्वतः. एकेक मूठ फिरत गेली. शेवटी दाराशी बसलेली पार्वताबाई उरली. तिनं एकदा जावेकडे पाहिलं, एकदा सुपाकडे, आणि राहिलेले सगळे पत्ते ओढून घेतले. त्या दिवशी धुरपताच्या वाटच्या सगळ्या बिड्या दुसऱ्यांच्या हातांनी वळल्या गेल्या.

घरी गेल्यावर पार्वताबाईनं नवऱ्याला काय सांगितलं ते दाराआडून ऐकू आलं नाही. नंतर भय्याजीचा आवाज आला.

"तिले विचार, बोट खरंच वाकडं आहे काय?"

"त्यायले म्हना, सकाळी तलावावर या. पाहून घ्या."

सकाळी भय्याजी पुढे चालला. दोघी जावा दहा पावलं मागून. तलाव खाली उतरला होता आणि कडेचा चिखल लोण्यासारखा होता. भय्याजी ठशाजवळ उकिडवा बसला. त्यानं जन्मभर ढोरांचे खूर पाहून ढोरं ओळखली होती, रानडुकरांच्या पावलांवरून त्यांची वाट काढली होती. छापलेल्या अक्षरापुढे त्याची मान खाली जाई, पण मातीतलं अक्षर त्याला स्वतःला वाचता येत होतं. त्यानं वळलेल्या बोटाच्या खाचेत आपलं बोट ठेवून पाहिलं. हा ठसा बाबाच्या वेळेपासूनचा, तो पुटपुटला. मग उठून बायकोला म्हणाला, "चंद्रकलेले सांगजो, भावाले बलाव म्हना. बुकातली मेली असंल. हे आपल्या बांधीतली आहे."

जाता जाता त्यानं मागे न पाहता आणखी एक सांगितलं. "अन् नागपूरवाले आले त आता चहा तूच पाज त्यायले. मी काय सांगू?"

पाट फाल्गुनात लागला. पाटाला वाजंत्री नसते, मांडव नसतो. चंद्रकलेच्या अंगणात संध्याकाळी दहा-पंधरा माणसं जमली, धनीरामनं नवं लुगडं आणि बांगड्या दिल्या आणि सगळे जेवले. पाळीवर पळस फुलला होता, कारण फाल्गुन होता.

बपेऱ्याला सारस नाहीत. तिथं नदी आहे आणि नदीवरची पाखरं वेगळी आहेत. धुरपता त्यांचीही नावं शिकली. तिथं तिला कोणी सारसबाई म्हणत नाही. सारसबांधीचा कोपरा भय्याजी अजून सोडतो. छपरीत दोन-तीन वर्षांनी कधी 'सारसविरह' निघते तेव्हा जी वाचत असेल ती शेवटचं पान मिटल्यावर पुढचं तोंडानंच सांगते, आणि ते सांगितल्याशिवाय तिच्या सुपातले पत्ते कोणी उचलत नाही.

शहाऐंशी साली पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. शकुंतलाबाई एकदा बपेऱ्याला आल्या तेव्हा ती बरोबर घेऊन आल्या. धुरपता ओसरीत बसून पत्ते कापत होती.

"कशी आहे वं?" तिनं विचारलं. "बदललं काही?"

"शेवट थोच आहे. सारस मरते अन् यमुना शपथ घेते."

"अन् पळस?"

शकुंतलाबाईंनी पान काढून पाहिलं. "पळस काढला गुरुजीनं. रोवन्याच्या जागी आता नुसती पाळ आहे, अन् हिरवं गवत."

"एवढं त आयकलं," धुरपता म्हणाली, आणि ओल्या फडक्यातून पुढचा पत्ता काढला.